खवल्यांची पाकिटं

टेनो नदीच्या काठी, निल्लासच्या तळघरात
बुटांच्या खोक्यांतून पाकिटं आहेत.
प्रत्येकात सॅमनचे चार-पाच खवले,
वर बापाचं अक्षर: तारीख, वजन,
आणि कुणी विचारलेलं नसताना, 'वारा उत्तरेचा.'

मी दूर तुर्कूच्या प्रयोगशाळेत
त्या वाळक्या खवल्याची कड कातरते,
नळीत टाकते, थांबते.
यंत्र कूळ सांगतं:
हा थोरल्या पात्रातला, हा इनारीकडचा,
आणि ही, सव्वीस जून एकोणऐंशी, अकरा किलो,
ही त्या ओढ्याची लेक
जो नकाशात केसाएवढा,
ज्याचं नाव फक्त निल्लासच्या भाषेत.

समुद्रातून आत शिरताना सगळे सारखेच रुपेरी.
जाळ्याला माहेर कळत नाही.
आपण मोजतो, म्हणतो, मासा पुष्कळ आहे,
आणि त्या पुष्कळात
एखादा ओढा गुपचूप बंद होतो.

फोनवर सांगितलं:
यंदाच्या नमुन्यांत त्या ओढ्याच्या दोनच माद्या.
त्या लवकर येतात,
जूनभर जाळं नको.

बराच वेळ नुसता नदीचा आवाज.
मग म्हणाला, "एकोणऐंशीची मला आठवते.
बहिणीच्या लग्नात खाल्ली. फार गोड होती."
आणि फोन ठेवला.

जुलैत त्याचं पाकीट आलं.
फोडलं, झटकलं, आत काहीच नव्हतं.
वर त्याचं अक्षर, बापासारखंच डावीकडे कललेलं:
'तीस जून. जाळं खुंटीवर. वारा उत्तरेचा.'

मी त्यालाही क्रमांक दिला.