घडीतलं काळं

ल्युब्ल्यानात नोव्हेंबरात धुकं उतरतं
आणि मार्चपर्यंत त्याला कुणी जा म्हणत नाही.
मिलोयका सायकल भिंतीला टेकवते,
पिशवीतल्या कापसाच्या काड्या पुन्हा मोजते.
आज शिश्कातली नऊ घरं.

दारं उघडतात, जरा लाजतात.
"आमचं मशीन स्वच्छ असतं हो," म्हणतात,
जणू ही स्थळ पाहायला आली आहे.
ती गुडघे टेकते.
जिथे दार पत्र्याला भेटतं तिथलं रबर
अंगठ्याने किंचित ओढते, घडीत काडी फिरवते.
पांढरी जाते.
काळी येते.

साठ अंशांचं पाणी, त्यात मीठ,
त्यात साबणाचा चरचरीत घोट,
मग कोरड, मग पुन्हा पूर.
रोज जेवणं झाली की इथे एक प्रलय होतो
आणि मऊ, गोरं, साधं सगळं मरतं.
आपणच सुपात घेऊन पाखडलं,
तांदूळ उडवले, खडा जपला.

पुस्तकात त्याला संधिसाधू म्हटलंय.
मिलोयकाला तो शब्द रुचत नाही.
संधिसाधू तिने पाहिलेत,
देश मोडला त्या साली,
वडिलांची सूतगिरणी कवडीमोलाने उचलणारे.
त्यांचे हात कोरडे होते.
हे तर ओल धरून बसलेलं,
कुणी आजारी पडायची वाट पाहतंय
असंही नाही.
वाट पाहायला मन लागतं.

बशीत आठवडाभर काही दिसत नाही.
मग डांबराचा थेंब सांडल्यासारखा ठिपका,
ओला, चिकट,
दोन आठवड्यांनी त्यावर काजळीची लव.
भिंगाखाली कळीला कळी फुटते.
सुंदर आहे, असं ती एकदाच म्हणाली होती,
आणि तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

चार चार एक सात.
लेनार्त, वय अकरा, पण नळीवर फक्त आकडा.
जन्मापासून छातीत डिंकासारखा कफ,
आणि त्या कफात एके दिवशी हे.
त्याची आई, नेवेन्का, जिन्यात उभी राहिली होती
ओला कोट न काढता:
"माझ्या मशीनमधून गेलं का ते?"

मिलोयकाच्या टेबलावर उत्तर होतं.
रबरावरचं एक, कफातलं दुसरं,
जुळत नव्हतं.
पण निकाल डॉक्टरांकडून जातो, असा नियम,
आणि आत फोन वाजत होता.
"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली.

मुलगा पुढच्या वसंतात गेला.
बुरशीने नाही. कागदावर तिचं नाव तिसऱ्या ओळीत होतं,
पहिल्या दोघांनी काम आधीच उरकलं होतं.
नंतर एकदा बाजारात नेवेन्का दिसली,
कोबी निवडत होती.
बोटं भेगाळलेली, लाल,
पंधरा वर्षं हाताने भांडी घासणारीची.
मिलोयका लसणाच्या टोपल्यांमागे वळली.

आता निवृत्तीला नऊ दिवस.
तिंकारा फ्रीझरचे कप्पे उपसते, विचारते,
"हे जुने फेकू?"
नळीवर बर्फ. बर्फाखाली चार चार एक सात.
मिलोयका ती तळहातात धरते,
एक कण बशीवर ओढते, झाकते.

सातव्या दिवशी ठिपका.
एका मुलाच्या श्वासात राहून आलेलं,
अजून भूक असलेलं.

डॉक्टर सहा वर्षांपूर्वीच वारले.

संध्याकाळी धुक्यात सायकलचा दिवा
दोन हातांपलीकडचं दाखवत नाही.
वाक्य तीन शब्दांचं आहे, ती रस्ताभर पुटपुटते,
ते तुमचं नव्हतं, ते तुमचं नव्हतं.
घंटेवर बोट ठेवते.
आतून बशीवर बशी ठेवल्याचा आवाज येतो,
मग नळ बंद होतो.