जांभळा

किडरमिन्स्टरला, पार्गेटरच्या गॅरेजात
दोन मॉनिटर शेजारी शेजारी.
एक सपाट, एका हाताने उचलावा असा.
दुसरा चौदा इंची, जुन्या काचेचा,
पाठीला कुबड,
भरल्या गॅस सिलिंडरइतका जड.

"सपाटच घ्या," तो म्हणाला, "ठिपका न् ठिपका मोजून घ्या."

मी पर्समधून फ्लॉपी काढली.
एकोणनव्वद साली गालिच्यांच्या कारखान्यात
अमिगावर काढलेली वेलबुट्टी.
रंग मिळायचे बत्तीस,
निम्मे मालकाच्या लाडक्या तपकिरीत संपले.
जांभळ्याला जागा उरली नाही.
म्हणून एक लाल, एक निळा, एक लाल, एक निळा,
रात्री नऊपर्यंत.

सपाट काचेवर सगळे हजर होते.
लाल वेगळा, निळा वेगळा,
एका पंगतीतल्या रुसलेल्या व्याह्यांसारखे.
जांभळा कुठेच नाही.

मग त्याने जुना लावला.
त्याची बारीक शिट्टी
आता आम्हा दोघांनाही ऐकू येत नाही.
कुत्रीने कान टवकारले, तेव्हा कळलं, सुरू झाला.
हातावरची लव उभी राहिली
आणि पाकळीत जांभळा,
थोडा थरथरत, कडेने सांडत.

"रेषा लुकलुकतात हं," पार्गेटर प्रामाणिक माणूस,
"डोळे दुखतील."
डोळे नवे आहेत, म्हटलं,
मार्चमध्येच मोतीबिंदू काढला.
त्याआधी आले असते तर
सपाटावरही दिसला असता जांभळा.

चाळीस पौंड.
दोघांनी मिळून पुढच्या सीटवर ठेवला,
पट्टा बांधला.
तरी सिग्नलला ब्रेक लागला की
माझा डावा हात
आपोआप त्याच्यापुढे आडवा जातो.