जवारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत
दस्तगीरचाचा तारेखाली सूत सरकवतात.
केसभर. छेडतात. मान हलवतात. पुन्हा.

अकरा वर्षं मी रायफलीच्या नळीतून
चिंधी ओढली रोज.
हात अजून तसाच थांबतो, श्वास धरून.

पेन्शनला चार वर्षं कमी पडली.
आबा स्वतः सुभेदार. काही बोलले नाहीत.
ट्रंकेवरचा नंबर खरवडू का,
एवढंच विचारलं.
राहू दे म्हटलं.

काल सांगलीत तालीम होती.
मला काम मिळालंय पहारेकऱ्याचं.
दोन वाक्यं आणि एक पद,
तेही अर्धं विंगेतून.
दिग्दर्शक ओरडला,
"घोरपडे, शिपाई वाटत नाही हो तुम्ही!
छाती काढा, टाच आपटा!"
आपटली.
त्याला कसं सांगू,
खऱ्या पहाऱ्यावर टाच कोणी आपटत नाही.
कानटोपी वर सरकवून
रात्रभर नुसतं ऐकायचं असतं
बर्फ कुठं मोडतोय ते.

"आलं का ऐकू?" चाचा विचारतात.

आलं.
शेजारच्या दुकानात भोपळा घासणारं पोरगंही
हात थांबवून बसलंय.