पुकारा

बाररूमच्या दारावर ठराव डकवलाय:
याचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही.
सह्या एकोणचाळीस.
बाहेर चोपड्याचं ऊन आणि घोषणा.
आत सरकारी वकील म्हणाले, साहेब,
हा आरोपी नाही, शत्रू आहे.

शत्रू.
मी दाराशी उभा, पितळी बिल्ला पुसत.
सव्वीस वर्षं नावं पुकारतोय.
शत्रूला कुणी तीनदा हाक मारून
वाट बघत थांबतं का, भो?

केलं असेल त्यानं. केलंच असेल.
त्या पोरीची आई दर तारखेला येते,
तिसऱ्या बाकावर बसते.
तिच्याकडे मला बघवत नाही.

पण कागदावर नाव आहे:
सुपडू दगा महाजन.
आधीची लेकरं हाती लागली नाहीत की
आमच्याकडे नवं बाळ सुपात घालतात,
फोलपट समजून मरणानं पुढं जावं म्हणून.
एवढ्या धास्तीनं राखलेलं
कुणाचं तरी पोर.

सुपडू दगा महाजन हाजिर हो!
एकदा.
दुसऱ्यांदा गर्दीतून चप्पल आली,
माझ्याच खांद्यावर बसली.

तिसऱ्यांदा
आवाज जरा चढाच लावला.