छेद

सप्टेंबरात वर्गात एकोणीसच खुर्च्या.
विसावी मी स्वतः तळघरात नेऊन ठेवली
आणि विसावा मुलगा, ऑरिन, साखर कारखान्यातल्या फिटरचा,
त्याला सांगितलं, जानेवारीत ये.
विसाच्या आतले वर्ग मोजतात,
आणि मोजतात ते सप्टेंबरातच.

मग देणगीचा रकाना.
रँडी क्विस्ट म्हणाला, अंश काही वाढत नाही,
छेद बघ.
पाचवीतलं गणित. मी बघितला.
दहा वर्षांत ज्यांचा एक डॉलर नाही, उत्तर नाही,
त्यांच्या नावापुढे 'मयत' लिहीत गेले.
बाहेर उणे बावीस. हीटर ठोके देत होता.
जेवणापर्यंत चारशे अकरा.
मग डब्यातलं सूप गरम केलं, प्यायले.

आम्ही नऊ पायऱ्या वर चढलो.
केक आला, त्यावर निळ्या क्रीमचा आकडा.

मार्चमध्ये मायनॉटहून पत्र:
मार्लिस एंगेब्रेट्सन, एकसष्टची तुकडी.
पैसे नव्हते.
'तुमचं मासिक येईनासं झालं. पत्ता तोच आहे.
ग्रंथालयामागचं एल्मचं झाड आहे का अजून?
त्याच्याखाली बसून मी रसायनशास्त्रात नापास झाले.'

खिडकीतून पाहिलं. आहे.
तिला जिवंत करायला एक कळ पुरते.
छेद एकाने वाढेल.
एकाने काय होतं, मी रँडीला विचारलं.
एक कधी एकटं येत नाही गं, तो म्हणाला.

संध्याकाळी घरच्या कागदावर लिहिलं:
झाड आहे. एक फांदी गेली.
पाकिटावर तिनंच दिलेला पत्ता.

यादीत ती अजून मेलेलीच आहे.
टपालवाल्याला हे ठाऊक नाही.