उणे एक

अंबाजोगाई. कॉलेजची लॅब, रात्रीचे पावणेदोन.
इन्व्हर्टर कण्हतोय.
नुसरत इनामदारचा प्रोग्रॅम आभाळाचा एक तुकडा चाळतोय,
एक लाख अकरा हजार तारे,
एकाचंही नाव माहीत नाही.

त्याला शिकवलंय एवढंच:
जवळ कोण आहे बघ, आणि चाल कुणाची एक आहे.
चाल जुळली की भावकी.

चारच्या सुमाराला त्यानं एक घर हुडकलं.
त्रेचाळीस तारे, वय जेमतेम तीस लाख वर्षं,
बाळंतिणीच्या शेगडीतून यावा
तसा धूर अजून अंगाभोवती.
नुसरत म्हणाली, "सर, लेकरंच आहेत की ओ ही."

कडेला पाच उरले.
निघालेत तिकडंच, पण जरा मागं, जरा फाकून.
प्रोग्रॅमनं त्यांच्यापुढं लिहिलं: उणे एक.
म्हणजे कुणाचेच नाहीत.

अंतराची मर्यादा मी केसभर वाढवली.
पाचही आत आले.
मला बरं वाटलं, म्हणून आणखी केसभर,
तर शेजारचे म्हातारे, वाटसरू, लाल, निळे,
कोण कुठले, सगळेच आत.
पडद्यावर एकच रंग.
अख्ख्या आभाळाची एकच भावकी.

नुसरतनं काही न बोलता
जुना आकडा परत टाकला.
मग वही काढली, आणि पेन्सिलीनं
त्या पाचांचे क्रमांक उतरवले एकाखाली एक.
पुढं लिहिलं:
पुन्हा बघणे.

स्टँडवर लातूरची पहिली गाडी लागली होती.
चहा मिळतो का बघायला
मी खाली उतरलो.