मदतीची वही

पैंगीणच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात
उगमशेजारची खुर्ची माझी.
रोज वहीत लिहायचं : काय मदत केली.
डबा उघडला. पेन्सिल धरवली. नाक पुसलं.
पानंच्या पानं,
सगळी क्रियापदं माझीच.

सोमवारी कदंब गालजीबागच्या पुलावर बंद पडली.
पोचले तर उगमच्या गालाला तोणाक,
डब्याचं झाकण दातांनी चेपलेलं,
अर्धा पाव बाकाखाली.
हसत होता.
मला, खरं सांगते, जरा लागलंच.

आज पाण्याची बाटली.
झाकण उलटं फिरवतोय तो. उलटंच.
मी हात मांड्यांखाली दाबून बसलेय.
सुट्टी संपल्याची घंटा झाली,
बाई वळून बघतायत,
बोटांना मुंग्या आल्यात माझ्या.

वहीत नंतर लिहीन :
फिरवतोय.